सॉफ्ट प्लास्टिक लूरला रंग देताना: आधी पारदर्शकता, मग छटा

लूर म्हणजे मासे पकडायचं नकली आमिष. घरी ओतलेला सॉफ्ट प्लास्टिक लूर आणि विकतच्या पाकिटातला लूर शेजारी शेजारी ठेवले की फरक पहिल्यांदा रंगात दिसतो. आकारात फारसं चुकत नाही, कारण तो साच्यातून येतो. मऊपणाही थोड्या सरावाने जमतो. पण घरचा हिरवा पुष्कळदा भिंतीच्या ऑइलपेंटसारखा सपाट निघतो आणि पाकिटातल्या हिरव्याला मात्र खोली असते. उजेडासमोर धरला तर तो आतून उजळतो, सावलीत नेला की काळपट होतो, बोटांत फिरवला की पाठीवरून एखादी वेगळीच झाक सरकून जाते. गंमत म्हणजे दोन्हींत घातलेलं हिरवं रंगद्रव्य एकच असू शकतं. ते किती घातलं, कोणत्या वेळी घातलं आणि त्याच्या जोडीला काय घातलं, यावर सगळं ठरतं.

लाकडी किंवा कडक प्लास्टिकच्या लूरवर रंग बाहेरून बसतो आणि प्रकाश त्या थरावरूनच माघारी फिरतो. सॉफ्ट प्लास्टिकमध्ये रंग पोटात असतो. प्रकाश आत शिरतो, काही अंतर जातो, रंगद्रव्याच्या कणांवर आपटतो, थोडा गिळला जातो आणि उरलेला बाहेर येतो. त्यामुळे मी रंग बनवायला घेताना पहिला विचार करतो तो प्रकाश आत किती जाऊ द्यायचा याचा. छटा त्यानंतर, आणि चमक सगळ्यात शेवटी. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की रंगाच्या बाटल्यांचा ढीग जमवण्याची गरज उरत नाही. पाच-सहा मूळ रंगांत बरंच काही होतं.

दुधाळ द्रवाचं पारदर्शक रबर कसं होतं

लूर ओतायचं द्रव प्लास्टिक म्हणजे प्लास्टिसोल. पीव्हीसीची अतिशय बारीक पूड एका तेलकट द्रवात मिसळून ठेवलेली असते. हा द्रव म्हणजे प्लास्टिसायझर. पीव्हीसी मुळात ताठ असतं, त्याला मऊ आणि लवचीक ठेवण्याचं काम हा द्रव करतो. पीव्हीसी असं मऊ करण्याची रीत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये शोधली. तेव्हा तो अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बी. एफ. गुडरिच कंपनीत कामाला होता. पुढे त्याच ॲक्रनमध्ये निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचं गांडूळ तयार केलं आणि या प्रकारच्या लूरचा व्यवसाय तिथून उभा राहिला. सुरुवातच घरातल्या प्रयोगातून झाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

थंड प्लास्टिसोल पांढरंशुभ्र दिसतं, पण त्यात पांढरा रंग अजिबात नसतो. पीव्हीसीचे कण आणि भोवतीचा द्रव प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वाकवतात. लाखो कणांच्या कडांवर प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि डोळ्यांना ते पांढरं भासतं. तापवायला लागलं की कण द्रव शोषून फुगतात, मिश्रण घट्ट आणि गुठळ्यांचं होतं. नवख्याला इथे वाटतं की माल बिघडला. तसं नाही, पुढे तापवत राहायचं. साधारण १६५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की कण एकमेकांत पूर्ण विरघळतात, कडा नाहीशा होतात, विखुरणं थांबतं आणि भांड्यात पारदर्शक, पाकासारखा ओघळणारा द्रव दिसू लागतो. थंड झाल्यावर तो तसाच पारदर्शक राहतो, फक्त रबरासारखा लवचीक होतो.

रंगाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट अशी की थंड, पांढऱ्या प्लास्टिसोलमध्ये रंग घातला तर तो खोटा दिसतो. गडद हिरव्याचे चार थेंब टाकले की मिश्रण फिकट पोपटी होतं. माणूस म्हणतो, रंग कमी पडला, आणि आणखी सहा थेंब टाकतो. तापवल्यावर पांढरेपणा जातो आणि समोर जवळजवळ काळा लगदा येतो. म्हणून द्रव रंग प्लास्टिक पारदर्शक झाल्यानंतरच घालावेत. एकेक थेंब घालून ढवळलं की खरी छटा लगेच कळते. पुडीचे रंग याला अपवाद आहेत. कोरडी पूड गरम प्लास्टिकमध्ये टाकली तर गोळे होतात, म्हणून ती आधी थोड्या प्लास्टिसायझरमध्ये घोटून पेस्ट करून घ्यावी.

त्याआधीही एक काम असतं. बाटलीतलं प्लास्टिसोल नीट हलवून घ्या. पीव्हीसीची पूड तळाशी बसते, कधीकधी घट्ट थर धरते. न हलवता वरचं ओतून घेतलं तर त्यात तेल जास्त आणि पूड कमी येते. मग लूर चिकट आणि फारच मऊ निघतो आणि बाटलीच्या शेवटच्या भागातला माल ताठ होतो.

तापमान हाही एक रंगच आहे

ओतण्यासाठी १६५ ते १७७ अंश ही चांगली पातळी. १९० च्या पुढे पीव्हीसी तुटायला लागतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि प्लास्टिकवर पिवळेपणा चढतो. तो पिवळेपणा नंतर कशानेही निघत नाही. पांढऱ्याचा साय रंग होतो, निळा हिरवटतो, धुरकट राखाडी तपकिरीकडे झुकतो. पुष्कळांना वाटतं की रंगाची बाटली खराब निघाली, आणि दोष असतो आचेचा. उष्णता-स्थिरक म्हणून जे द्रव्य मिळतं ते सुटणारं आम्ल शोषून घेतं आणि हे पिवळं पडणं लांबवतं. पण ते काही काळच पुरतं. प्रत्येक वेळी पुन्हा तापवलं की थोडी पिवळी झाक वाढतेच. त्यामुळे पांढरा, मोतिया, स्वच्छ आणि फिकट निळा हे रंग नेहमी ताज्या प्लास्टिकमधून सगळ्यात आधी ओतावेत. भांड्यात उरलेलं प्लास्टिक पुढे हिरव्या, तपकिरी आणि शेवटी काळ्या रंगासाठी वापरावं.

तापमान अंदाजाने ठरवू नका. दूरून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, म्हणून ढवळून मग मोजा. मायक्रोवेव्हमध्ये तापवत असाल तर थोडं थोडं तापवा आणि मधे ढवळा. मधोमध जास्त तापलेला ठिपका तयार होतो आणि बाकीचं अजून गुठळ्यांतच असतं.

इथे सुरक्षिततेचं बोललंच पाहिजे, कारण १७० अंशांचं प्लास्टिक कातडीवर पडलं तर चिकटून राहतं आणि खोलवर भाजतं. लांब बाह्या, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट. काम उघड्यावर किंवा हवा बाहेर खेचणाऱ्या पंख्याजवळ करा, आणि तोंडावर सेंद्रिय बाष्प व आम्लवायू दोन्ही अडवणारा मास्क लावा. धुळीचा साधा मास्क इथे काही कामाचा नाही. प्लास्टिक जळून धूर आला तर ते भांडं बाहेर नेऊन ठेवा आणि त्याच्यापासून दूर राहा. यासाठी वापरलेला मायक्रोवेव्ह, भांडी, चमचे पुन्हा अन्नासाठी वापरायचे नाहीत. आणि पाण्याचा एक थेंबही गरम प्लास्टिकमध्ये जाता कामा नये. तो क्षणात वाफ होतो आणि उकळतं प्लास्टिक अंगावर उडवतो.

शेवटच्या मुद्द्यातूनच खाण्याच्या रंगाचा निकाल लागतो. खाण्याचे द्रव रंग पाण्यात केलेले असतात. ते तेलकट प्लास्टिकमध्ये मिसळत नाहीत आणि वर धोकादायक ठरतात. मेणाचे खडू वितळवून घालण्याची युक्तीही सांगितली जाते. मेण पीव्हीसीत नीट मिसळत नाही, पृष्ठभागाकडे येतं आणि दोन थर जोडायचे असतील तिथे जोड धरू देत नाही. मी त्या वाटेला जायला सांगणार नाही.

रंगद्रव्य आणि विरघळणारा रंग

लूरच्या रंगांचे मुळात दोन स्वभाव असतात. रंगद्रव्य, म्हणजे पिगमेंट, न विरघळणाऱ्या बारीक कणांचं असतं. ते प्लास्टिकमध्ये अडकून बसतं आणि जागा सोडत नाही. दुसरा प्रकार डायचा. तो तेलात विरघळतो, त्यामुळे अतिशय स्वच्छ, काचेसारखी छटा देतो. पण जे तेलात विरघळतं ते तेलाबरोबर प्रवासही करतं. सॉफ्ट प्लास्टिकमधला प्लास्टिसायझर कधीच पूर्ण बांधलेला नसतो, तो सावकाश इकडेतिकडे सरकत असतो. लाल डाय घातलेला लूर पांढऱ्या लूरला चिकटून काही दिवस पडला की पांढऱ्यावर गुलाबी डाग उमटतो, आणि तो आत गेलेला असल्यामुळे पुसून निघत नाही. लालसर आणि गडद रंगांची ही खोड सगळ्यात त्रासदायक आहे.

त्यामुळे पोट एका रंगाचं आणि पाठ दुसऱ्या रंगाची करायची असेल तर निदान गडद बाजूला तरी पिगमेंटच वापरा. नाहीतर ओतल्या दिवशी धारदार असलेली सीमारेषा काही आठवड्यांत पसरट होते. बाटली विकत घेताना ती पीव्हीसीसाठी, उष्णता सहन करणारी आहे का एवढं पाहिलं तरी निम्मी डोकेदुखी टळते.

आता पांढऱ्याबद्दल. पांढरं रंगद्रव्य म्हणजे बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड. ते प्रकाशाला प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त वाकवतं, म्हणून त्याचा अगदी थोडा अंशही प्लास्टिकमधून आरपार जाणारा प्रकाश अडवतो. सपाट दिसणाऱ्या घरगुती रंगामागे बऱ्याचदा हाच असतो. रंग उजळ करायचा म्हणून माणूस पांढरा घालतो आणि त्या क्षणी खोली जाते. उजळ करायचं असेल तर रंग कमी घाला, पांढरा वाढवू नका. पांढरा तेव्हाच घाला जेव्हा खरोखर अपारदर्शक लूर हवा असेल. मीठ घातलं तरी असंच होतं. लूर जड व्हावा म्हणून घातलेलं बारीक मीठ प्रकाश विखुरतं आणि रंग दुधाळ करतं. मिठाच्या लूरसाठी छटा नेहमीपेक्षा गडद ठेवावी लागते.

जाडीचा हिशोब

समजा, एका हिरव्या प्लास्टिकमधून २ मिलिमीटर जाडीला निम्मा प्रकाश पार होतो. मग ४ मिलिमीटरला पाव, ६ ला एक अष्टमांश आणि ८ मिलिमीटरला फक्त एक सोळांश पार होईल. एकाच ओतीव लूरमध्ये शेपटी २ मिलिमीटरची आणि धड ८ मिलिमीटरचं असतं. म्हणजे शेपटी उजळ हिरवी आणि धड जवळजवळ काळं, तेही एकाच भांड्यातल्या रंगातून. हा दोष नाही. छोट्या माशाचं अंगही पाठीला गडद आणि कडांना झिरझिरीत असतं, त्यामुळे हा उतार उपयोगीच पडतो. फक्त तो लक्षात घेऊन रंग पाहायला हवा.

भांड्यात पाहून रंग ठरवणं त्यामुळे चुकीचं. भांड्यात प्लास्टिकची खोली पाच-सहा सेंटिमीटर असते, तिथे सगळंच गडद दिसतं. त्याऐवजी ढवळायच्या काडीने एक थेंब धातूच्या पत्र्यावर टाकायचा, थंड झाला की सोलून घ्यायचा आणि उजेडासमोर धरायचा. नंतर तोच थेंब पांढऱ्या कागदावर आणि काळ्या कागदावर ठेवून पाहायचा. पांढऱ्यावर कळतं की प्रकाश आरपार गेल्यावर रंग कसा दिसेल, काळ्यावर कळतं की वरून परत येणाऱ्या प्रकाशात काय दिसेल. थेंब साधारण तुमच्या लूरच्या जाडीचा करा. याला एखादा मिनिट लागतो आणि अख्खं भांडं वाचतं.

एक रंग जवळून पाहू. ‘वॉटरमेलन’ नावाने ओळखला जाणारा हिरवा घ्या. १२० मिलिलिटर पारदर्शक प्लास्टिकमध्ये हिरव्याचे चार थेंब घालून ढवळा. दिसेल ते स्वच्छ, बाटलीच्या काचेसारखं हिरवं, जरा नकली वाटणारं. आता तपकिरीचा एक थेंब. तपकिरीत लाल अंश असतो आणि लाल हा हिरव्याचा विरोधी, त्यामुळे तो हिरव्याचा भडकपणा मारतो आणि शेवाळाकडे नेतो. मग काडीचं टोक काळ्यात बुडवून फक्त तेवढंच. पूर्ण थेंब नको. काळं पिगमेंट सहसा काजळी असतं आणि एका थेंबात अख्खा रंग बसवून टाकतं. शेवटी काळी चमकी. हेच प्रमाण उलटं केलं, तपकिरी जास्त आणि हिरवा कमी, की ‘ग्रीन पंपकिन’च्या कुळातला रंग मिळतो. गडद जांभळ्यात हिरवी चमकी घातली की ‘जूनबग’. स्वच्छ प्लास्टिकमध्ये काळ्याचा अगदी पुसट अंश घातला की ‘स्मोक’. थेंबांचे आकडे सुरुवातीपुरते धरा, कारण प्रत्येक बनवणाऱ्याचा रंग वेगळ्या घट्टपणाचा असतो आणि थेंबाचा आकारही बाटलीच्या तोंडावर ठरतो. पुन्हा तोच रंग हवा असेल तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवणं हाच खात्रीचा मार्ग.

मोतिया झाक कुठून येते

मोत्यासारखी चमक देणारी पूड म्हणजे अभ्रकाच्या सूक्ष्म चकत्या, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर. जो पदार्थ पुडीच्या रूपात रंग अपारदर्शक करतो, तोच इथे इतका पातळ असतो की त्याचा परिणाम पूर्ण बदलतो. थराच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. थर किती जाड आहे त्यावर काही रंग बळावतात आणि काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच कारणाने. थराची जाडी बदलली की झाक सोनेरी, लाल, निळी किंवा हिरवी होते, आणि यात रंगद्रव्य असं काहीच नसतं. खऱ्या माशाच्या खवल्यांची चकाकीही पातळ थरांवरच्या अशाच परावर्तनातून येते. म्हणून मला ही पूड बाकी सगळ्या साहित्यापेक्षा जवळची वाटते.

हिचा वापर करताना पार्श्वभूमीचं भान हवं. निळी झाक देणारी पूड निळा प्रकाश परतवते आणि उरलेला, पिवळसर प्रकाश पुढे जाऊ देते. खाली काळा किंवा गडद रंग असेल तर तो पिवळसर भाग गिळला जातो आणि निळी झाक उठून दिसते. खाली पांढरा असेल तर तो पिवळा भागही परत येतो, दोन्ही मिसळतात आणि झाक पुसली जाते. पांढऱ्या लूरवर निळी झाक हवी म्हणून पूड वाढवत राहणारे म्हणूनच निराश होतात. तिथे पांढरा काढा, पारदर्शक किंवा हलक्या स्मोकमध्ये पूड घाला. पिंगट, पारदर्शक अंगात हिरवी झाक हे ‘मोटर ऑइल’चं मर्म आहे. हातात तपकिरी दिसतो, वळवला की हिरवा.

आणि पूड थोडीच. १२० मिलिलिटरला चिमूटभर पुरते. जास्त झाली की चकत्या एकमेकींना झाकतात आणि सगळं राखाडी, धातूच्या रंगासारखं होतं. प्लास्टिक साच्यात वाहताना या चकत्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात, म्हणून सिरिंजने दाबून भरलेल्या लूरवर प्रवाहाच्या रेषा दिसतात. भरताना हात एकसारखा आणि सावकाश ठेवला तर त्या रेषा सुंदर वळण घेतात.

चमकी

लूरची चमकी पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर देऊन आणि वर रंग चढवून, षटकोनी तुकड्यांत कापलेली असते. हस्तकलेसाठी मिळणारी चमकी दिसायला तशीच असते, पण तिचा रंग गरम प्लास्टिसायझरमध्ये सुटतो. लाल चमकीचे तुकडे चांदीचे होतात आणि भोवती गुलाबी वलय पसरतं. काही चमकीच्या कडा गरम होऊन वळतात. म्हणून नवी चमकी आधी थोड्याशा गरम पारदर्शक प्लास्टिकमध्ये टाकून, दोन-चार दिवस बाजूला ठेवून बघा.

मापं इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. ०.००८ म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर, ०.०१५ म्हणजे सुमारे ०.४, ०.०३५ म्हणजे ०.९ आणि ०.०६२ म्हणजे १.६ मिलिमीटर. जाडी तीच ठेवून माप निम्मं केलं की तेवढ्याच वजनात तुकडे चौपट येतात. त्यामुळे बारीक चमकी ‘चमच्या’च्या मापाने घातली तर लूर पूर्ण झाकला जातो, आणि जाड चमकीचा तोच चमचा विरळ वाटतो. लहान लूरला बारीक, मोठ्याला मिश्र. एकाच लूरमध्ये दोन मापं घातली की चमक नैसर्गिक वाटते, कारण सगळे ठिपके सारखे असले की नजरेला लगेच कृत्रिमपणा कळतो. १२० मिलिलिटरला पाव चमच्यापासून सुरुवात करा. पारदर्शक अंगात आतवरची चमकी दिसते, अपारदर्शक अंगात फक्त वरची, म्हणजे बाकीची वाया जाते. काळी चमकी चमकत नाही, तिचं काम ठिपक्यांचं.

चमकी सगळ्यात शेवटी, ओतण्याच्या क्षणी घाला. पॉलिएस्टरची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट, अभ्रकाची जवळजवळ ३ पट. गरम, पातळ प्लास्टिकमध्ये दोन्ही तळाशी जातात. पहिला लूर फिका आणि शेवटचा चमकीने गच्च, असं होत असेल तर प्रत्येक ओतण्याआधी ढवळा. ढवळताना काडी तळाला टेकवून हळू फिरवायची. जोरात फेटलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि ते पारदर्शक लूरमध्ये पांढऱ्या टाचणीसारखे दिसतात.

झळाळणारे आणि अंधारात दिसणारे

फ्लोरोसंट रंग आणि ग्लो पावडर यांची गल्लत होते. फ्लोरोसंट रंग अतिनील किंवा निळा प्रकाश घेऊन त्याच क्षणी हिरवा, पिवळा, नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात. प्रकाश थांबला की तेही थांबले. उष्णतेने आणि उन्हाने ते लवकर फिके पडतात, म्हणून ते शेवटी घालावेत आणि पुन्हा पुन्हा तापवू नयेत. ग्लो पावडर, आजकाल बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची, प्रकाश साठवून अंधारात सावकाश सोडते. ती जड असते, घनता पाण्याच्या साडेतीन पटींहून जास्त, त्यामुळे झपाट्याने तळाशी बसते. तिच्यासोबत गडद रंग घातला तर आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही प्रकाश गिळला जातो. ग्लो हवा तर अंग स्वच्छच ठेवा.

पाण्याखाली काय उरतं

हातात दिसणारा रंग पाण्याखाली तसाच राहत नाही. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळतं. अगदी स्वच्छ पाण्यातही ५ मीटर खोलीपर्यंत लालचा बहुतांश भाग संपलेला असतो. तिथे लाल लूर लुप्त होत नाही, तो काळपट दिसतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात निळा आणि लाल दोन्ही कमी होतात आणि हिरवा-पिवळा टिकतो. पालापाचोळा कुजून चहाच्या रंगाच्या झालेल्या पाण्यात निळा आधी जातो. फ्लोरोसंट लाल किंवा नारिंगी मात्र उपलब्ध निळ्या-हिरव्या प्रकाशातून स्वतःचा रंग तयार करतो, म्हणून तो खोलवरही उजळ दिसतो.

माशाचा डोळाही आपल्यासारखा नाही. सॉफ्ट प्लास्टिकने सर्वाधिक पकडला जाणारा लार्जमाउथ बास घ्या. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या आहेत, एक हिरव्याला आणि एक लालला संवेदनशील. प्रयोगांत हे मासे लाल चांगला ओळखतात, पण पिवळसर-पोपटी आणि पांढरा यांच्यात, तसंच निळा आणि काळा यांच्यात त्यांची गल्लत होते. काळा-निळा की नुसता काळा यावर आपण तासभर वाद घालतो, त्या वादात माशाला फारसा रस नसावा. त्याला उजळ-गडद फरक, कडा आणि लूरमधून जाणारा प्रकाश जास्त कळतो. म्हणून माझं मत असं: स्वच्छ पाण्यात झिरझिरीत अंग आणि बारीक चमकी, गढूळ पाण्यात अपारदर्शक, ठळक आकृती. नेमकी छटा त्यानंतर.

दोन रंग आणि वरचा रंग

दोन रंगांचा लूर उघड्या साच्यात करताना आधी पोट ओता, वर साय धरली की पाठ ओता. दुसरं प्लास्टिक १७० च्या आसपास गरम हवं. थंड ओतलं तर थर चिकटतात पण धरत नाहीत, आणि लूर पहिल्याच ताणाला सोलला जातो. पहिला थर द्रव असतानाच ओतलं तर रंग एकमेकांत शिरतात. बंद साच्यात दोन सिरिंजमधले दोन रंग एकाच जोड-ठोकळ्यातून एकदम सोडले की ही वेळ साधण्याची कसरत उरत नाही, पण दोन्ही बाजूंचं तापमान सारखं ठेवावं लागतं.

वरून रंगवायचं तर साधा ॲक्रिलिक टिकत नाही. लूरचा पृष्ठभाग कायम किंचित तेलकट असतो आणि तो ताणला जातो, त्यामुळे थर पापुद्रा होऊन निघतो. त्यासाठी व्हिनाइलवर, म्हणजे पीव्हीसीवर बसणारा, द्रावकातला रंग लागतो. शेपटी बुडवायचे डाय द्रावकासोबत प्लास्टिकमध्ये शिरतात, ते टिकतात, पण शेजारच्या लूरला डागही देतात. साच्याचाही रंगावर परिणाम होतो. गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या साच्यातला लूर चकचकीत आणि गहिरा, खरखरीत साच्यातला तोच रंग धुरकट.

साठवण आणि उरलेला माल

रंग सांभाळायचा तर प्रत्येक रंग वेगळ्या पिशवीत, लूर सरळ झोपवून. कडक पारदर्शक प्लास्टिकच्या काही डब्यांना प्लास्टिसायझर विरघळवतो आणि लूर डब्याला चिकटून बसतो. नव्या डब्यात आधी एकच लूर आठवडाभर ठेवून पाहा. वेगळ्या जातीच्या ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकचे, म्हणजे टीपीईचे लूर पीव्हीसीच्या लूरसोबत ठेवले तर दोन्ही वितळून लगदा होतो.

फाटलेले लूर पाण्यात किंवा काठावर टाकू नका. ते वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि मासे ते गिळतात. घरी आणून रंगांच्या गटांनी वेगळे ठेवा. हिरवे-तपकिरी एकत्र चालतात. लाल आणि हिरवे मिसळले तर मातकट तपकिरी होतो, आणि तो फार तर काळ्यासाठी कामाचा. जुन्या चमकीचाही साठा त्यात वाढत जातो, म्हणून नवी घालण्याआधी थेंब काढून पाहा. वितळवण्यापूर्वी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून आत गळाचं टोक राहिलेलं नाही ना ते बघा, तुकडे पुसून उघड्यावर पसरा आणि आतल्या भेगांतलं पाणी पूर्ण सुकेपर्यंत, घाई न करता, काही दिवस तसेच राहू द्या.